तोंडाने ओढलेला धागा

मी धोटा बोलतोय. मागावरचा धोटा. ज्यांनी आयुष्यात कधी माग पाहिला नाही, पण कापड मात्र अंगभर गुंडाळून हिंडतात, अशा सगळ्या शहाण्यांसाठी आधीच सांगून ठेवतो. मागावर उभे ताणलेले धागे असतात, त्याला म्हणतात ताणा. त्या ताण्यातून आडवा धागा घेऊन जो इकडून तिकडे आणि तिकडून इकडे पळतो, तो मी. आकार होडीसारखा, दोन्ही टोकांना लोखंडी नाक, पोटात सुताने भरलेली कांडी, आणि कुशीला एक बारीक भोक. कांडीवरचा धागा त्या भोकातून बाहेर येतो. सगळी गोष्ट त्या भोकाची आहे, तेवढं लक्षात ठेवा. बाकी विसरलात तरी चालेल. विसरण्यात तुमचा हात धरणारा अजून जन्माला यायचाय.

माझं शिक्षण अर्धवट. मी ज्या झाडात होतो ते एका शाळेच्या खिडकीला लागून होतं. मास्तर आत शिकवायचे, मी बाहेर फांदी हलवत ऐकायचो. आतल्या पोरांपेक्षा माझं लक्ष जास्त. माणसाच्या शरीराचा धडा सुरू झाला. डोकं झालं, घसा झाला, छाती झाली, पोटापर्यंत आलो आणि कुऱ्हाड आली. त्यामुळे पोटाच्या खाली माणसाला काय काय असतं हे मला आजही नीट माहीत नाही, आणि विचारायची लाज वाटते. शरीराबद्दलचं पुढचं सगळं मी ऐकीव सांगणार आहे. पण ज्यांच्याकडून ऐकलं त्या बाई खऱ्या शिकलेल्या होत्या.

तर, मला कापलं, घासलं, तेलात बुडवून ठेवलं आणि एका यंत्रमागाच्या शेडमध्ये आणून टाकलं.

शेडमध्ये आवाज असा की शेजारच्याचं शिंकणंसुद्धा ऐकू येत नाही, नुसतं दिसतं. तिथली माणसं ओठांवरून बोलणं वाचतात. या टोकाची बाई आवाज न काढता नुसते ओठ हलवते, त्या टोकाची हसून लोटपोट होते, आणि मध्ये उभ्या असलेल्या मालकाला पत्ता नसतो की चेष्टा त्याच्याच पोटाची चालली आहे. मला असल्या जागा फार आवडतात.

माझा माग सांभाळायची आत्या. तिचा भाचा त्याच शेडमध्ये जॉबर होता, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. तो तिला आत्या म्हणायचा म्हणून सगळी शेडच तिला आत्या म्हणायला लागली. तिच्यापेक्षा वयाने मोठा मुकादमसुद्धा. शेजारच्या मागावर आत्याची सून. आत्याचा मुलगा लांबच्या रस्त्यांवर ट्रक चालवायचा, महिना महिना घरी नसायचा, त्यामुळे घरात आणि शेडमध्ये मिळून या दोघीच. भांडायलाही दोघीच. दोन मागांचे धोटे अदलूनबदलून चालायचे. आज मी आत्याच्या हातात, उद्या सुनेच्या.

आता भोकाकडे येतो.

कांडी संपली की नवी घालायची आणि धाग्याचं टोक भोकातून बाहेर काढायचं. त्यासाठी बारीक तारेचा हुक असतो. प्रत्येक मागाला एकेक हुक टांगलेला होता आणि प्रत्येक हुकावर धूळ होती. कारण हुक शोधा, आत घाला, धागा पकडा, ओढा, एवढा धीर कोणाला? भोकाला ओठ लावायचे, आत एक श्वास ओढायचा, धागा सुर्रकन जिभेवर. झालं काम. नव्या माणसाला शेडमध्ये पहिल्या दिवशी हेच शिकवतात.

सून नवी नवी आली तेव्हा हुकानेच करायची. आत्या तिच्याकडे बघत कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अगं, रुमालावर फुलं काढतेस का? तोंड लाव."

"याला सगळ्यांची तोंडं लागतात, आत्या."

"मग तुझं काय सोन्याचं आहे?"

सुनेने तोंड लावलं. पहिल्या दिवशी तोंड वाकडं केलं, दुसऱ्या दिवशी केलं नाही.

तेव्हा माझ्या नशिबी दिवसभर मुकेच मुके. कोणी सकाळी दात घासले आणि कोणी नुसती चूळ भरली हे त्यांच्या बायकोआधी मला कळायचं. मी कोणाला म्हटलं नव्हतं की मला तोंड लावा. पण तुम्ही माणसं फार प्रेमळ. पुस्तकाचं पान उलटायचं, बोट जिभेवर. सुईत दोरा ओवायचा, टोक ओठांत. विचार करायचा, पेन दातांत. तोंड हे तुमचं अकरावं बोट असल्यासारखं वापरता आणि वर म्हणता, आजार आला कुठून?

एक खोडी सांगतो, पुढे उपयोगी पडेल. धोट्याला उडायची सवय असते. मागाची दांडी जरा सैल झाली की आम्ही वाट सोडून हवेत. एकदा मी असाच उडालो आणि लोखंडी नाकाने थेट आत्याच्या दंडात घुसलो. रक्त आलं. माझा तसा काही बेत नव्हता, मी मुकादमाच्या टोपीचा नेम धरला होता. सुनेने जखमेवर कापड बांधलं, दोघी दवाखान्यात गेल्या आणि आत्या सुई टोचून घेऊन परतली. येताच मला हातात घेतलं आणि म्हणाली, "मेल्या, तुझ्यामुळे टोचून घ्यावं लागलं."

तिने जॉबरला सगळं रंगवून सांगितलं. "नर्स म्हणाली, या मुलीलाही देते, तिला लहानपणी काही टोचलेलं दिसत नाही. तर ही दाराबाहेर. म्हणते, मला कुठे लागलंय?"

"घाबरते मी सुईला," सून म्हणाली. "आमच्या घरात सगळेच घाबरतात."

सगळे हसले. मीही हसलो. लाकडाला हसता येतं, फक्त दिसत नाही.

जॉबर फक्त आमच्या शेडचा नव्हता. त्या रस्त्यावर शेडच शेड होत्या आणि सगळ्यांचे माग हाच बघायचा. दिवसभर या दारातून त्या दारात. गडी हसरा, हातपाय कायम कुठे ना कुठे कापलेले, त्यामुळे दवाखान्याच्या सुया खाऊन खाऊन चाळणी झालेला. माग दुरुस्त केला की त्याची एक पद्धत होती: स्वतः कांडी घालायची, स्वतः धागा ओढायचा, दोन बोटं कापड विणून दाखवायचं आणि मगच पुढे जायचं. म्हणजे त्या रस्त्यावरच्या जवळजवळ प्रत्येक धोट्याला त्याचं तोंड लागलेलं.

एका सकाळी तो सुनेचा माग दुरुस्त करायला आला. मी तिच्याकडे होतो.

"घसा जरा खवखवतोय," तो म्हणाला. "तूस गेलं असेल."

तूस म्हणजे कापसाचा उडता धुरळा. शेडमध्ये ते हवेत असतं, केसांत असतं, चहात असतं. त्या माणसांना काहीही झालं की कारण एकच, तूस. खोकला आला, तूस. डोळा लाल, तूस. मला वाटतं बायको रागावली तरी तूसच म्हणत असतील.

त्याने कांडी घातली, मला तोंडाला लावलं, धागा ओढला, कापड विणून दाखवलं. मला सुनेच्या हातात दिलं आणि निघून गेला. थोड्या वेळाने कांडी संपली. सुनेने मला उचललं आणि ओठांना लावलं.

मला काही कळलं नाही. वजन नाही, वास नाही, आवाज नाही. माझ्या भोकाच्या काठावरच्या त्या ओल्या थेंबात कोण बसलं होतं, हे मला नंतर कळलं. मी उडतो तेव्हा निदान आवाज तरी होतो.

पुढचे काही दिवस काहीच झालं नाही, आणि हीच तर अशा पाहुण्यांची लबाडी. आल्या आल्या गोंधळ घातला तर घरातले जागे होतील ना. आधी गुपचूप बस्तान बसवायचं, एकाचे दोन, दोनाचे चार करायचे, मग आपला धंदा सुरू.

मग सून मंदावली. ताप म्हणाल तर अंग नुसतं कोमट. जेवणाचा डबा तसाच परत. चेहरा मागावरच्या कोऱ्या कापडासारखा. आत्या पलीकडून ओठ हलवून विचारायची, काय झालं? ती गळ्याला हात लावून ओठ हलवायची, तूस.

त्या दिवशी दुपारी तिने मला उचललं, ओठांना लावलं, आणि श्वास ओढताच आला नाही. धागा भोकापर्यंत येऊन तिथेच थांबला. तिने पुन्हा ओढलं. नाही. मी तिच्या ओठांवरच होतो. आतून एक शिट्टीसारखा बारीक आवाज येत होता.

आत्याने पाहिलं आणि माग थांबवून आली. मला तिच्या हातातून घेतलं आणि तिला खिडकीच्या उजेडात नेलं. "आ कर." जबड्याखाली दोन्ही बाजूंना सूज होती. घशात, दोन्हीकडे, करडं-पांढरं काहीतरी चिकटलेलं. ओल्या कापसाच्या पेळूसारखं.

"बघ, तू म्हणत होतीस तेच. केवढं तूस साठलंय," आत्या म्हणाली. "थांब, काढते."

तिने बोटाला स्वच्छ कापडाची चिंधी गुंडाळली. जॉबर तिथेच होता, त्याने जवळच्या मागावरचा हुक झटकून पुढे केला. त्या हुकाला पहिल्यांदा काम मिळत होतं आणि तेही असलं. आत्याने नशिबाने हुक घेतला नाही. बोटाने पुसलं. निघेना. जरा जोर लावला. एक कडा सुटली आणि खालून रक्त आलं.

आत्याने बोट बाहेर काढलं. तिने जन्मभर तूस पाहिलं होतं. तूस रक्त काढत नाही.

"माग बंद करा," ती म्हणाली. कोणाला ऐकू गेलं नाही, पण ओठ सगळ्यांनी वाचले. एकेक माग थांबत गेला. शेवटचा थांबला तेव्हा कळलं की ती शिट्टी कुठल्याही मागाची नव्हती. सून श्वास घेत होती. एवढ्या मोठ्या शेडमध्ये तेवढा एकच आवाज.

मालकाचा कापडाचा टेम्पो दारात होता. त्यातच तिला घातलं. आत्याने एका हाताने सुनेला धरलं, दुसऱ्या हातात मी. मला खाली ठेवायचं तिला सुचलंच नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तोंडाला मास्क बांधून टॉर्च मारला आणि बघताच विचारलं, "आत हात कोणी घातला होता?"

"मी. तूस काढत होते."

"ते तूस नाही. घटसर्प आहे. आता त्याला कोणीही हात लावायचा नाही."

सुनेला काचेच्या दारामागे वेगळ्या खोलीत नेलं. आत्याच्या तोंडालाही मास्क दिला आणि तिला बाहेरच्या बाकावर बसवलं. मी तिच्या मांडीवर.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. कमी बोलणाऱ्या, पण बोलताना समोर बसून बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "घशात जंतू बसलेत. ते स्वतः आत शिरत नाहीत, तिथेच बसून विष बनवतात. शरीराने त्यांना मारायला आपले शिपाई पाठवलेत, त्या मारामारीत दोन्हीकडचे मेले, त्यांचाच तो पडदा झालाय. तो वाढला तर श्वास बंद होईल. आणि विष रक्तातून हृदयापर्यंत गेलं तर आणखी वाईट."

"मग शरीर काही करत नाही का?"

"करतंय. पण या विषावर चालेल असं हत्यार त्याला नव्याने घडवावं लागतं. नेमकं त्या विषाच्या मापाचं. पहिल्या वेळी त्याला बरेच दिवस लागतात."

आत्या म्हणाली, "म्हणजे नवी नक्षी लावल्यासारखं. ताणा भरा, एकेक धागा ओवा. कापड एक बोटभर निघायच्या आत आठवडा जातो. एकदा बसली की मग सरसर."

"तसंच. आणि लहानपणी लस घेतली असती तर नक्षी आधीच बसलेली असती. लसीत तेच विष असतं, नांगी मोडलेलं. शरीर ते बघून माप घेऊन ठेवतं. खरं आलं की लगेच काम सुरू."

"हिच्याकडे तेवढे दिवस आहेत?"

डॉक्टरीणबाईंनी खोटं सांगितलं नाही. "म्हणून तयार हत्यार बाहेरून द्यायचं. ते आमच्याकडे नाही. मोठ्या हॉस्पिटलमधून गाडी निघाली आहे. ते औषध जे विष अजून रक्तात फिरतंय तेवढंच पकडतं. जे आत घुसलं ते घुसलं. म्हणून गाडी लवकर यायला हवी."

त्या आत गेल्या. काचेतून दिसत होतं, सुनेच्या उशाशी एका ताटलीत नळी आणि चाकू काढून ठेवला होता. श्वास थांबलाच तर गळ्याला भोक पाडायला. माझ्या कुशीला भोक पाडलं तेव्हा मी मेलेलं लाकूड होतो. ती जिवंत होती. मला ती ताटली बघवेना.

आत्या बसून राहिली. प्रत्येक गाडीच्या आवाजाला मान वर, मग खाली. हातांना तर सवय, रिकामे कसे राहतील? माझा धागा आत गेला होता. तिने कांडी नीट बसवली, मास्क हनुवटीवर ओढला, मला ओठांना लावलं आणि धागा सुर्रकन ओढला.

"हे काय केलंत आत्ता?"

डॉक्टरीणबाई दारात उभ्या होत्या.

"काही नाही. धागा ओढला."

"तोंडाने?"

"मग काय नाकाने?" आत्या बोलून गेली आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

"तुमची सूनही असंच करते?"

"सगळेच करतात. कामच आहे ते."

"हाच धोटा?"

"हाच. बाकीचेही. ज्याच्या हाताला जो येईल तो. आणि जॉबर तर..." इथे आत्या थांबली. तिने माझ्याकडे असं पाहिलं जसं कोणी आयुष्यात पहिल्यांदा पाहतंय. मग मला बाकावर, स्वतःपासून लांब ठेवलं. इतकी वर्षं माझे मुके घेणारी बाई.

"जॉबर तर काय?"

"त्याचा घसा दुखत होता. आणि सगळ्या रस्त्यावरचे माग तोच बघतो."

डॉक्टरीणबाईंनी हातमोजे घातले, मला पिशवीत टाकलं आणि फोन उचलला. फोनवर त्या म्हणाल्या ते मी पिशवीतून ऐकलं. शेड बंद करा, आत्ता. तिथल्या प्रत्येकाचा घसा तपासा, प्रत्येकाला गोळ्या द्या, लस नसेल त्याला लस. जंतू खोकल्याच्या तुषारांतून जातो, बोलताना उडणाऱ्या थुंकीतून जातो, आणि इथे तर त्याला आम्ही गाडीच करून दिली आहे.

गाडी म्हणजे मी. बाई मला हातमोज्याने धरत होत्या, पण शब्द 'आम्ही' वापरला. तेवढ्यासाठी मी त्यांना मानतो.

मोठ्या हॉस्पिटलची गाडी ऊन उतरायच्या आत आली. औषधाचा एक थेंब आधी सुनेच्या कातडीत टोचून पाहिला, अंगावर पुरळ उठत नाही ना म्हणून. ते बघत थांबणं हा सगळ्यात वाईट भाग. समोर औषध आहे, आणि ते देता येत नाही. मग नळीतून थेंब थेंब सोडलं. काचेबाहेर आत्या. काचेच्या आत ती शिट्टी.

दुसऱ्या दिवशी जॉबर आला. तपासणीसाठी त्याच्या घशातून कापसाचा बोळा फिरवून नेला होता आणि तो नाराज होता.

"आत्या, मला काय धाड भरली आहे? मी घोड्यासारखा धडधाकट आहे. घसा तर दोन दिवसांत बरा झाला."

मग डॉक्टरीणबाईंनी त्याला बसवून सांगितलं. त्याच्याच घशात ते जंतू निघाले होते. रस्त्याच्या टोकाच्या शेडमध्ये एक विणकर घसा धरून गावी निघून गेला होता, बहुधा तिथून याने आणले. सुया खाऊन खाऊन याच्या अंगात विषाविरुद्ध हत्यार तयार होतं, म्हणून याला काही झालं नाही. पण ते हत्यार विषावर चालतं, जंतूला घशातून हाकलत नाही. जंतू तिथे बसून राहिले आणि याच्या तोंडातून शेडभर फिरले.

"आणि तुझी आत्या वाचली," त्या म्हणाल्या, "कारण तिला मध्यंतरी धनुर्वाताची सुई दिली होती. त्याच सुईत घटसर्पाचीही लस असते. लहानपणची जुनी ओळख असणार, सुईने ती ताजी केली."

ऐकलंत? ती सुई कोणामुळे? माझ्यामुळे. शेडमध्ये मला लोकांनी मेल्या, मुडद्या, काय काय म्हटलं. आता बोला. मी मात्र तेव्हा बोललो नाही, कारण समोर जॉबर रडत होता.

"माझ्यामुळे झालं, आत्या."

आत्या त्याच्याकडे न बघता म्हणाली, "तुला कुठे दिसत होतं? मला दिसत होतं. उजेडात नेऊन बघितलं आणि तूस म्हणाले." मग त्याच्याकडे वळून, "आणि घोड्यासारखा आहेस तर त्या घोड्याचे पाय धर. हिच्या नळीत जे चाललंय ते घोड्याच्या रक्तातून काढलेलं आहे. बाईंना विचार."

त्याने खरंच विचारलं. खरंच घोड्याचं होतं. नाक पुसत का होईना, तो हसला. हसायची वेळ नव्हती, पण तशी वेळ पाहून हसू येत असतं तर मी आयुष्यभर गंभीर राहिलो असतो.

सून मात्र तशीच होती. औषध गेलं होतं, गोळ्यांऐवजी सुया चालू होत्या, पण पडदा जागचा हलला नव्हता. ताटलीतला चाकू ताटलीतच होता, झाकून ठेवलेला नव्हता. संध्याकाळी ती शिट्टी मध्येच थांबायची, आणि आत्याही तेवढा वेळ श्वास घ्यायची नाही. शिट्टी सुरू झाली की दोघी बरोबर सुरू. मी पिशवीत, खिडकीच्या कट्ट्यावर. मी लाकूड, मला श्वास नाही. तरी मीही थांबत होतो.

असे आणखी दोन दिवस गेले.

एका सकाळी शिट्टी ऐकू येईना. आत्या उठली ती काचेला नाक लावूनच. आत नर्स सुनेला खोकायला लावत होती आणि वाटीत काहीतरी करडं, सालीसारखं पडलं होतं. सून पडून होती, डोळे उघडे. तिने काचेकडे पाहिलं. आवाज नव्हताच, ओठ हलले.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "काहीतरी म्हणतेय, पण आम्हाला कळत नाही. कागद देऊ का?"

"कागद कशाला?" आत्या म्हणाली. "विचारतेय, माझ्या मागावर कोणाला बसवलंय?"

आणि मग ती बाकावर बसली आणि इतकी रडली की नर्सला वाटलं काहीतरी वाईट झालं.

आता माझं सांगतो. दवाखान्याने मला औषधाच्या पाण्यात बुडवलं. घरी आणल्यावर आत्याचं समाधान होईना, तिने मला पातेल्यात घालून उकळलं. लाकूड फुगलं, चिरलं, एक नाक ढिलं झालं. मागावर जायचं माझं आयुष्य तिथे संपलं. शेडमध्ये आता नवे धोटे आलेत. त्यांच्या कुशीला भोकापर्यंत फट असते, धागा बोटाने सरकवला की आपोआप बसतो. तोंड लागत नाही. पोरं गुणी आहेत, पण बिचाऱ्यांना कोणी मुका देत नाही. जॉबर प्रत्येक माग दुरुस्त झाल्यावर आता बोटाने धागा घालून दाखवतो आणि नव्या माणसाला पहिल्या दिवशी विचारतो, सुया घेतल्यास का? त्याच्या तोंडून ते ऐकताना मुकादमाला हसू आवरत नाही.

मी घरी, खिडकीत. वाऱ्याने खिडकी आपटू नये म्हणून मला फटीत अडकवतात. इतकं धावलेल्याला हे काम म्हणजे तुरुंगच, पण रस्ता दिसतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची चेष्टा करता येते.

सून घरी आली, पण आवाज आला नाही. विषाने घशाच्या नसा धरल्या होत्या. बोलायला गेली की नाकातून हवा, पाणी प्यायली की नाकातून पाणी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, हळूहळू येईल. आणखी एक म्हणाल्या होत्या, आजार होऊन गेला तरी लस घ्यायची, कारण या विषाची ओळख शरीराला प्रत्येक वेळी नीट राहत नाही. सुनेने मुकाट्याने दंड पुढे केला. डोळे मात्र घट्ट मिटले होते.

घरात आवाज न काढता भांडणं व्हायची, नुसत्या ओठांची. आत्या जिंकायची आणि तिला ते आवडायचं नाही. एकटी असली की पुटपुटायची, "हिने एकदा मोठ्याने तोडून बोलावं." ट्रकवाला मुलगा येऊन गेला. बायकोशी बोलताना तोही हळूहळू आवाज न काढता बोलायला लागला.

मग एका दुपारी आत्या खिडकी झाडायला आली. मला बाहेर काढलं, फडक्याने पुसलं. माझ्या भोकात धुळीचा एक धागा अडकला होता. आत्याचे डोळे रस्त्यावर, मन कुठेतरी, हात आपले सवयीचे. तिने मला वर उचललं. ओठ पुढे आले. श्वास आत ओढायला छाती भरली.

"आत्या!"

भांडं आपटावं तसा आवाज. खरखरीत, फाटका, नाकातून जरा गळणारा, पण आवाज. शेजारच्या घरातून कोणीतरी डोकावलं. सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हात कणकेचे, आणि ती स्वतःच घाबरली होती.

आत्या मला ओठांपासून दोन बोटांवर धरून तशीच उभी राहिली. हलली नाही.

"पुन्हा म्हण," ती म्हणाली.

त्या दुपारी सुनेने तिला इतकं सुनावलं, इतकं सुनावलं, की आत्याच्या आयुष्यात तसं कोणी बोललं नव्हतं. आत्या ऐकत राहिली आणि प्रत्येक वाक्याला मान हलवत राहिली. मी आत्याच्या हातात पडून मजा बघत होतो.

असा मी. चिरलेला, उकडलेला, खिडकीत अडकलेला. माझ्याकडून कोणाला उपदेश घ्यायचा असेल तर थोडका आहे. जे दहा जणांच्या हातातून गेलंय त्याला तोंड लावू नका. खोकताना तोंड कोपराने झाका. घसा दुखला तर तूस म्हणून बोटं घालू नका, डॉक्टरकडे जा. पोरांना वेळेवर टोचून घ्या आणि स्वतःही घ्या, नाहीतर मला पुन्हा उडून यावं लागेल, आणि आता माझं एक नाक ढिलं आहे, नेम कुठे लागेल सांगता येत नाही.

येतो. आणि हे पान उलटायला ते बोट जिभेकडे निघालंय, ते खाली घ्या. पाहतोय मी.